चौथी बंदूक

खोरशेदबाईंनी मला सोफ्यावरून उठवलं आणि आपल्या नवऱ्याची बंदूक माझ्या हातात दिली.

"पकड," त्या म्हणाल्या. "बापाकडे बघू नको. तुला वाटेल तशी पकड."

मी बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला लावला, गाल टेकवला आणि खिडकीबाहेरच्या सिल्व्हर ओकवर नेम धरला. तेरा वर्षांची होते मी. आमच्या घरी बंदुका होत्या, त्यामुळे घोड्यावर बोट ठेवायचं नसतं एवढं मला कळत होतं.

"छोकरी डावरी हाय?"

"जेवतेसुद्धा डाव्या हाताने," अण्णा म्हणाले. "तिच्या आजीने हातावर फुटपट्ट्या मारल्या, पण काही उपयोग झाला नाही."

खोरशेदबाई खुर्चीत बसल्या. पाचगणीच्या त्या बंगल्यात त्या एकट्याच राहत. दोन वर्षं अण्णा अधूनमधून साताऱ्याहून वर जाऊन त्यांच्याकडे चहा पीत होते आणि प्रत्येक वेळी नकार घेऊन परत येत होते. कपाटात ठेवणाऱ्याला बंदूक द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदाच मला बरोबर नेलं होतं.

"माझा होमी पण डावरा होता," बाई म्हणाल्या. "म्हणून तर त्याने ही घेतली. जा घेऊन. पण ही छोकरी चालवेल, हां टिपणीस? तू नाय."

"अहो, तिच्यासाठीच तर घेतोय," अण्णा म्हणाले.

घाट उतरताना ते सारखे माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा पाटबंधारे खात्यात मेकॅनिकल इंजिनिअर होते. शिकारीचा त्यांना तिटकारा होता. त्यांचं वेड होतं यंत्राचं. पॉइंट टू-टू म्हणजे बंदुकांमधली सगळ्यात लहान गोळी. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसला की बार उडतो. एवढ्याशा बाराच्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जावी, पुढचं काडतूस आत सरकावं आणि बंदूक पुन्हा तयार व्हावी, हे ज्या लोकांनी साधलं त्यांना अण्णा देव मानत. अशा ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू आपल्याकडे फार थोड्या. त्यांच्याकडे तीन होत्या: एक विंचेस्टर, एक रेमिंग्टन आणि एक वाल्थर. खोरशेदबाईंची बेल्जियमची ब्राउनिंग ही चौथी.

बाकीच्या तिन्ही बंदुका पुंगळी उजवीकडे फेकत. डाव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचं तोंड नेमकं तिकडेच असतं. एकदा वाल्थरची तापलेली पुंगळी माझ्या फ्रॉकच्या गळ्यातून आत गेली होती आणि मी रेंजवर नाचले होते. ब्राउनिंगची पुंगळी मात्र खालून, सरळ जमिनीवर पडायची. वजनाला हलकी, लांबीला आखूड, काडतुसं भरायची तीही दस्त्यातल्या भोकातून, एकेक करून. मला ती पहिल्या दिवसापासून जमली. शिकावी लागलीच नाही.

आमच्या रायफल क्लबची रेंज यवतेश्वरच्या पायथ्याशी होती. क्लबचे सेक्रेटरी भोईटेकाका. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज डोंगरावर आपटून परत येईल असा. दर वर्षी क्लबच्या वाढदिवसाला पडत्या पत्र्यांची स्पर्धा असे. लोखंडी पत्र्यांची एक ओळ उभी करायची आणि घड्याळ लावून पाडायची. कॉलेजात असताना मी ती लागोपाठ तीन वर्षं जिंकले. बक्षीस घेऊन खाली आले की अण्णा शेजारच्या माणसाला सांगत, "बघितलंत? एकही चुकवला नाही माझ्या ब्राउनिंगने."

मला त्यात काही वावगं वाटत नसे. मीही तिला तसंच मानत होते, आमच्यातलीच एक.

मग एका माणसाला तीनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येणार नाहीत, असा नियम आला. अण्णा आठवडाभर नीट जेवले नाहीत. पुण्याचा एक दुकानदार बंदुका बघायला आला, तर चहासुद्धा न विचारता त्याला दारातून परत पाठवलं. रोज संध्याकाळी चारही बंदुका दिवाणावर मांडून समोर बसायचे. कुठली द्यायची ते ठरत नव्हतं.

वाट भोईटेकाकांनीच काढली. "टिपणीस, पोरगी एकवीस वर्षांची झाली. क्लबची मेंबर आहे. एक तिच्या नावावर करा की! चारही घरातच राहतील."

ब्राउनिंग माझ्या नावावर झाली. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी मला विचारलं, "मुलीच्या जातीला बंदूक कशाला हवी?" मी म्हटलं, "खेळायला." साहेब हसले आणि त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर अण्णांनी मला कंदी पेढे घेऊन दिले. माझ्या थोरल्या भावाला, शिरीषला, बंदुकीत रस नव्हता. तो बँकेत होता आणि रविवारी झोपून राहायचा.

दोन वर्षांनी एम.एस्सी. झाले आणि नाशिकच्या एका कॉलेजात मला लेक्चररची जागा मिळाली. राहायची सोय मावशीकडे होती. मी तिथल्या क्लबची चौकशी केली आणि जेवताना अण्णांना म्हटलं, "लायसन्स नाशिकला बदलून घ्यायला अर्ज करते. ब्राउनिंग बरोबर नेईन."

अण्णांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "बरोबर नेईन म्हणजे?"

"माझ्या लायसन्सवर आहे ना. माझ्याबरोबरच राहायला हवी."

"लायसन्स तुझं आहे. बंदूक माझी आहे."

"खोरशेदबाईंनी कुणाला दिली होती?"

"पैसे कुणी दिले होते?"

आई म्हणाली, "अगं, आधी जेवा दोघं."

"शरू, तुला कळत नाही," अण्णा आवाज उतरवून म्हणाले. "चार एकत्र आहेत म्हणून त्याला संग्रह म्हणायचं. हैदराबादेपासून लोक बघायला येतात. तीन काय, कुणाकडेही असतात."

"मग कपाटात नुसती ठेवायची?"

"सुट्टीत येशील तेव्हा चालव की. कोण नाही म्हणतंय?"

मी तेवीस वर्षांची होते, पहिली नोकरी लागलेली होती आणि कायदा माझ्या बाजूने होता. अण्णांना काही न बोलता मी अर्ज देऊन आले. त्यांना ते कळलं तेव्हा ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते मात्र दोन दिवस कपाटाच्या काचा पुसत राहिले.

अर्जाच्या चौकशीला फौजदार खताळ घरी आले. भला माणूस. बूट बाहेर काढून आत आले, बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला आणि माझ्याशी बोलले. नाशिकला कुठे राहणार, बंदूक कशात ठेवणार, घरात लहान मुलं आहेत का. मी सगळं सांगितलं. मावशीकडे लोखंडी कपाट आहे, हेही सांगितलं.

"झालं तर मग," ते वही मिटत म्हणाले. "टिपणीससाहेब, तुमची काही हरकत नाही ना? विचारावं लागतं."

अण्णा खिडकीपाशी उभे होते. बाहेर बघतच म्हणाले, "हरकत नाही हो. काळजी वाटते, इतकंच."

"कसली काळजी?"

"इथे आम्ही असतो लक्ष ठेवायला. तिथे कोण आहे?"

"लक्ष म्हणजे?"

अण्णा वळले. त्यांचा चेहरा खरोखरच दुःखी होता. "फौजदारसाहेब, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीची जात. मध्येमध्ये तिचं डोकं ठिकाणावर नसतं."

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा.

"बारावीच्या वर्षी पहिला झटका आला. बेशुद्ध पडली. काहीबाही बडबडत होती. पुढे कितीतरी महिने कुणाशी बोलायची नाही. केस गेले होते सगळे."

"अण्णा, टायफॉइड झाला होता मला!"

"आम्ही लोकांना टायफॉइडच सांगितलं," अण्णा खताळांना म्हणाले.

"खोटं आहे हे! आई, सांग ना. डॉक्टर आगाशे येत होते रोज. आई!"

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवून आत निघून गेली.

"ताई, तुम्ही बसा," खताळ म्हणाले.

"मी नाही बसणार! हे खोटं बोलतायत. त्यांना बंदूक जाऊ द्यायची नाहीये म्हणून..." माझा आवाज इतका चढला होता की शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी अण्णांचा सदरा धरला. "सांगा त्यांना! खरं सांगा!"

अण्णांनी माझा हात सोडवला नाही. फौजदारांकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बघताय ना."

मी हात काढून घेतला. त्या क्षणी मला कळलं की आता ओरडले तर वेडी ठरते आणि गप्प बसले तर त्यांचं म्हणणं खरं ठरतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. खताळांनी पुन्हा वही उघडली. जाताना त्यांनी दिवाणावरची ब्राउनिंग उचलून अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुलपात ठेवा, साहेब. किल्ली स्वतःकडे."

त्या रात्री आई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. "त्यांचा जीव आहे गं त्या बंदुकांत," ती म्हणाली. मी कूस बदलली.

लायसन्स रद्द झालं. शिरीषला झोपेतून उठवून कलेक्टर कचेरीत नेलं आणि ब्राउनिंग त्याच्या नावावर केली.

पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते, म्हणजे ते मनात राहणार नाही. नाशिकची नोकरी टिकली. तिथे साताऱ्याचं कुणी नव्हतं. लग्नाचं मात्र बरीच वर्षं जमलं नाही. पुण्यातली दोन स्थळं पत्रिका जुळूनही बोलेनाशी झाली. साताऱ्यात कुणाला तरी विचारलं असणार. अण्णा लोकांवर चिडायचे. "लोकांना काही उद्योग नाही," म्हणायचे, "कुणाविषयी काहीही उठवतात." मी पस्तिशीची असताना दामलेंनी मागणी घातली. ते विधुर होते. त्यांच्या कानावर आलं होतं, ते त्यांनी सरळ मलाच विचारलं. मी घडलं तसं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. आमचा संसार चांगला झाला. अण्णा पिकल्या वयात गेले. त्यानंतर शिरीषने हैदराबादच्या एका संग्राहकाला आणि त्याच्या मुलाला मिळून चारही बंदुका एकगठ्ठा दिल्या. संग्रह मोडला नाही.

पण मी सांगायला बसले ते हे नव्हे. फौजदारांसमोरचं ते बोलणंही नव्हे. ते मी केव्हातरी माफ केलं असतं. माणसाचा तोल जातो, तोंडून एक शब्द निघतो आणि मग मागे फिरता येत नाही, अशी मी कितीतरी दिवस मनाची समजूत घातली होती. मला सांगायचं आहे ते नाशिकला जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारचं.

सकाळी अण्णांनी माझ्या दारावर टकटक केली. "शरू, ऊठ. रेंजवर जायचंय."

मी दार उघडलं. हातात बंदुकांची पेटी घेऊन, टोपी घालून ते तयार होते. जणू काही घडलंच नव्हतं.

"मी कशाला येऊ?"

"कशाला म्हणजे? ब्राउनिंग कोण चालवणार? शिरीष?" ते हसले. "कागदावर शिरीषचं नाव आहे. कागदाचं काय घेऊन बसतेस! चल, मोकळी हवा खाशील."

मला नाही म्हणता आलं असतं. मी गेले. ब्राउनिंग एकदा शेवटची हातात घ्यावी, एवढंच मनात होतं. आणि खरं सांगायचं तर, अण्णा दारात उभे राहिले तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्यांना चुकल्यासारखं झालंय, पण तोंडाने म्हणता येत नाही म्हणून ते मला रेंजवर नेतायत, असं मी धरून चालले होते. शिरीषही लायसन्सवाला म्हणून जांभया देत बरोबर आला.

रेंजवर नेहमीची मंडळी होती. मी नमस्कार केला. सगळे जरा जास्तच हसून बोलले. अण्णांनी सतरंजीवर चारही बंदुका मांडल्या आणि ब्राउनिंग माझ्यापुढे केली. मी हात पुढे केला.

"टिपणीस!" भोईटेकाका लगबगीने आले. "जरा थांबा. शरयूला नको."

"का?" अण्णांनी विचारलं.

"का काय विचारताय? फौजदारांनी क्लबला कळवलंय. पोरीच्या हातात हत्यार द्यायचं नाही. आम्हाला काय आनंद वाटतो का?" काका माझ्याकडे बघत नव्हते. "आमच्यासमोर लहानाची मोठी झाली. मला तर पटत नव्हतं. मी म्हटलं, असली नजर, असला थंड हात, या पोरीला कसलं वेड? पण बापच सांगतो म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?"

काकांनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाजही सगळ्यांना ऐकू जायचा.

"टिपणीस, माणूस काळजीपोटी बोलून जातो. जास्त बोलला असाल तर तसं सांगा. मी स्वतः येतो तुमच्याबरोबर खताळांकडे. आत्ता जाऊ. गैरसमज झाला म्हणू. काय व्हायचं ते होईल, पण पोरीवरचा डाग जाईल. बोला. खरं होतं का ते?"

मी अण्णांकडे पाहिलं. सगळेच पाहत होते. दारच उघडून दिलं होतं भोईटेकाकांनी. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर सतरंजीवर गेली. विंचेस्टर, रेमिंग्टन, वाल्थर. चौथी त्यांच्या हातात होती. फौजदाराला खोटं सांगितलं असं कबूल केलं तर कलेक्टर एकही बंदूक ठेवू देणार नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यांनी अंगठ्याने ब्राउनिंगच्या दस्त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"खोटं कसं असेल, भोईटे?" ते म्हणाले. "कुठला बाप असं खोटं बोलेल?"

"हां. तेही आहे म्हणा."

"आता तशी बरी आहे. म्हणून म्हटलं, जरा मन रमेल."

"नको, नको. नियम तो नियम."

"बरोबर आहे तुमचं." अण्णांनी ब्राउनिंग शिरीषकडे दिली. "शरू, तू गाडीत बस जरा. ऊन आहे."

मी गाडीकडे चालत गेले. पाठीमागे कुणी हाक मारली नाही. फियाटचं दार उघडं टाकून मी मागच्या सीटवर बसले. थोड्या वेळाने बार सुरू झाले. त्या चारींचे आवाज मला डोळे मिटून ओळखता यायचे. ब्राउनिंग दोन वेळा वाजली आणि अडली. शिरीषने काडतुसं नीट भरली नसणार. "अरे, असं नाही, इकडे दे," असा अण्णांचा आवाज आला. मग ती सलग वाजली. अण्णाच चालवत होते. एकही पत्रा पडल्याचा आवाज आला नाही.

भोईटेकाकू थर्मास आणि डबा घेऊन आल्या. दर रविवारी सगळ्यांसाठी उपमा आणायच्या त्या. मला झाकणात चहा ओतून दिला आणि शेजारी बसल्या. मी घोट घेतला तशी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"पोरी," त्या एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या, "औषध मध्येच सोडायचं नाही बरं का. बरं वाटलं की सोडतात आणि तिथेच फसतं. माझी एक चुलतबहीण होती अशीच. किती हुशार!"

आता मी काहीही बोलले असते तरी त्यांनी मान डोलावली असती.

नेमबाजी संपवून अण्णा पेटी घेऊन आले. चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता. ते डिकी उघडत होते, तेवढ्यात काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"टिपणीसभाऊ, हिला औषध वेळेवर देता ना? आता नाशिकला कोण बघणार?"

डिकीचं झाकण वर होतं. त्याच्या खालच्या फटीतून मला त्यांचे फक्त हात दिसत होते. पेटीवर ठेवलेले.

"देतो ना," अण्णा म्हणाले. "रोज झोपताना. तिच्या मावशीलाही सांगून ठेवलंय."